तुम्ही म्हणालात, तो थांबला होता

आक्का, आपल्या बचत गटाच्या बायकांनी शोकसभेत मला तुमच्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी उभी राहिले. समोर टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो होता. त्यात तुम्ही जरा रागावलेल्या दिसता, कारण फोटो काढणाऱ्यानं तुम्हाला तीन-चारदा पदर सारखा करायला लावला होता. ‘आमच्या आक्का’ एवढं मी म्हणाले आणि पुढं शब्दच येईना. बायकांना वाटलं मला रडू आवरत नाही. एकीनं हाताला धरून खाली बसवलं, दुसरीनं पाणी आणलं. रडू नव्हतं ते. कुठल्या आक्कांविषयी बोलू, हेच मला कळत नव्हतं.

आदल्याच दिवशी माझ्या लेकानं, अविनं, मला तुरीच्या शेतात एक गोष्ट सांगितली होती. ती ऐकल्यापासून तुम्ही मला नीट दिसतच नाही. डोळे मिटले की एक तुम्ही येता, आणि तिच्या मागून दुसऱ्या कुणीतरी. म्हणून हे लिहायला बसले आहे. अंगणवाडी सुटलीय, पोरं घरी गेलीत, चटया गुंडाळून झाल्यात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘लिहून काय हुतंय? बोलायचं ते तोंडावर बोलावं.’ ते आता कुठून जमणार?

मी या घरात आले तेव्हा तुम्ही इथल्या जुन्या झाला होतात. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. तुमचं माहेर आष्टीकडचं, त्यामुळं बोलण्याचा हेल वेगळा. नांदूरघाटच्या बाजारात बायका तुमची नक्कल करायच्या आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचा. मी बारावी झालेली, तुम्ही सातवी. पण पहिल्या पंचमीला मला कळलं की या घरात घाबरायचं असेल तर ते तुमच्या तोंडाला.

वडील मला माहेरी न्यायला आले होते. ओसरीवर सासूबाई बसलेल्या. वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, “पोरगी रुळली का?”

“लेकीवानी ठिवलंय आमी,” सासूबाई म्हणाल्या.

तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन आला होतात. वडिलांनी सहज तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, “भाकरी जमत न्हाई अजून तिला. शिकंल. पर आत्याबाई तिला लई बोलत्यात.”

तांब्या वडिलांच्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. मी माहेरून परत आले तर सासूबाईंचं मला बोलणं निम्म्यावर आलेलं. उरलेलं सगळं तुमच्या वाट्याला गेलं होतं. तुम्ही ते भांडी घासता घासता ऐकून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, “आक्का, माझ्यासाठी कशाला ओढवून घेतलंत?” तर म्हणालात, “तुझ्यासाठी न्हाई बाई. त्यांनी इचारलं म्हनून सांगितलं.”

तुमचं हे असंच. विचारलं तर खरं सांगणार आणि विचारलं नाही तर गप्प. कुणाची साडी चांगली दिसत नसेल तर बायका तुम्हाला विचारायच्याच नाहीत. भाऊजी गेल्यानंतर दोन लेकींची लग्नं तुम्ही उभी केलीत. बघायला आलेल्या पाहुण्यांना पोरीचा राग नाकावर आहे हेही सांगून टाकलंत. एक स्थळ त्यापायी मोडलं. दुसरं जमलं आणि पोरगी तिथं सुखात आहे. मी तुम्हाला कितीदा म्हटलं असेल की नशीब तुमचं, नाहीतर काय झालं असतं.

गटाच्या प्रशिक्षणाला आपण बीडला गेलो होतो, ते आठवतं का? पुण्याहून आलेल्या मॅडम वयानं तुमच्या लेकींएवढ्या. त्या म्हणाल्या, “ताई, आज आपण आपली मूल्यं ओळखणार आहोत.”

तुम्ही लगेच हात वर केलात. “मूल्य म्हंजे किंमत ना? जिनसाची असती तशी?”

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांनी छान समजावलं. काही झालं तरी जी गोष्ट आपण सोडणार नाही, जी सोडली तर आपण आपण राहणार नाही, ते आपलं मूल्य. डोळे मिटून विचार करा म्हणाल्या. कुणी लेकरं सांगितली, कुणी कष्ट, कुणी देव. एकीनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि पदरात तोंड लपवलं. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, “मला खोटं बोलता येत न्हाई.”

“येत नाही, की बोलायचं नाही?” मॅडमनी विचारलं.

तुम्ही म्हणालात, “येतं की. सगळ्यांनाच येतं. पर बोलायचं न्हाई.”

मी सांगितलं, सगळ्यांना धरून राहणं. मला ते खूप आवडलं होतं. मॅडमनी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या. परत येताना जीपमध्ये तुम्ही माझ्या कानाला लागून म्हणालात, “ते मूल्य न्हाई सुनंदा. ती भीती हाय.”

मला इतकं लागलं ते! मी म्हटलं, “आणि तुमचं खरं बोलणं हा हट्ट नाही कशावरून?”

तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “असंल बी.”

तेवढ्यावर कुठं संपलं? शेंगा फोडताना, धुणं धुताना, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्यावर मधूनच मी तो विषय काढायची. मी म्हणायची, माणसं जोडून ठेवायला किती गिळावं लागतं ते तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही म्हणायचा, गिळलेलं कुठं जातं मग, ते सांग. आपण हसतच भांडायचो. हे भांडण आयुष्यभर पुरेल असं मला वाटायचं.

मग ती गोष्ट झाली.

अवि बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे फाट्यापर्यंत पळत जायचा, पळत यायचा. त्याच्यासाठी हरभरे तुम्ही भिजत घालायचा. मी अंगणवाडीत असायची म्हणून लहानपणापासून तो तुमच्याच अंगावर वाढलेला. मोठी माय म्हणायचा तुम्हाला, आणि मला काही मागायचं असलं तरी आधी तुम्हाला सांगायचा.

त्या दिवशी दुपारी त्याच्या मोटारसायकलची धडक भानुदास अप्पांना बसली. अप्पा ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे, शेरडं घेऊन रस्ता ओलांडत होते. तुम्ही गवताचा भारा घेऊन शेतातून येत होता. तुमच्याशिवाय तिथं कुणीच नव्हतं. तुम्ही दुधाची गाडी थांबवून अप्पांना केजला नेलंत, तिथून बीडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. अवि घरी नव्हता. तो घाबरलाय म्हणून मामाकडं धाडलंय, असं तुम्ही फोनवर सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्याला घेऊन आलात.

तोवर ओसरीवर माणसं जमलेली. गावातल्या एका पुढाऱ्यानं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “पोराची भरती हाय. अनोळखी गाडी म्हना. म्हाताऱ्याला दिसतंय किती? मी बघून घेतो पुढचं.” ह्यांनी मान हलवली. मीही हलवली. माझ्या मनात अविच्या भरतीशिवाय दुसरं काही नव्हतं. तुम्ही चुलीपाशी बसून सगळं ऐकत होता. काहीच बोलला नाहीत, म्हणून मी समजले की तुम्हाला पटलंय.

पोलीस ठाण्यातून जमादार आले. त्यांनी तुम्हाला विचारलं, “बाई, तुमी बघितलं काय?”

“बघितलं.”

“कुनाची गाडी हुती?”

“आमचीच. आमचं पोरगं हुतं.”

ह्यांनी कपाळावर हात मारला. तुम्ही पुढं म्हणालात, “चूक पोराचीच हाय. पर थांबलं ते. माझ्याबरूबर अप्पाला उचलून कडंला घेतलं. मग रगत बघून भ्यालं, तवा मीच म्हनले जा मामाकडं.”

त्यातलं पुढचं काही माझ्या कानात शिरलंच नाही. एवढंच शिरलं की आमचं पोरगं हुतं.

केस झाली. भरतीचा अर्ज अविनं भरलाच नाही. पहाटेचं पळणंही सोडलं. पुण्याकडं एका कंपनीत लागला आणि सणासुदीला पाहुण्यासारखा येऊन जाऊ लागला. एक दिवस तुम्ही भाकरी करत होता आणि मी उभ्या उभ्या बोलले. “तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवायचं होतं, आक्का. माझ्या लेकराच्या मागं कशाला लावलंत ते?”

तुम्ही वर पाहिलं. काहीतरी बोलणार होतात, मला आजही वाटतं. ओठ हलले होते तुमचे. मग म्हणालात, “भाकर करपतीय,” आणि ती उलटलीत.

चुली वेगळ्या झाल्या. वर्षभर, कदाचित जास्तच, आपण एका अंगणात राहून बोललो नाही. सगळ्यांना धरून राहणारी मी, आणि माझ्याच चुलीनं घराचे दोन भाग केले. नंतर माझी आई गेली तेव्हा तुम्ही न विचारता एसटीत माझ्या शेजारी येऊन बसलात. माहेरी दिवसभर माझ्या पाठीवर हात होता तुमचा. त्यानंतर आपण बोलायला लागलो, पण त्या एका गोष्टीला वळसा घालून. तिखट, पाऊस, लेकींची बाळंतपणं, गटाच्या बैठका. सगळं बोललो.

गावात मात्र तुमचं नाव झालं होतं. स्वतःच्या पुतण्याला पाठीशी घातलं नाही अशी बाई. गटात नवीन कुणी आलं की बायका ही गोष्ट सांगायच्या, आणि तुम्ही दर वेळी मधूनच उठून जायचा, काहीतरी काम काढून. मला वाटायचं, माझ्यासमोर नको म्हणून जाता. मनातल्या मनात मी त्याबद्दल तुमचे आभारही मानले होते.

नंतरच्या एका प्रशिक्षणात पुन्हा तोच प्रश्न आला. तुमचं मूल्य कोणतं? बायका तुमच्याकडं बघून म्हणाल्या, “आमच्या आक्काचं आमी सांगतो, खरं बोलणं.” तुम्ही म्हणालात, “न्हाई. मला आता सांगता येत न्हाई.” सगळ्यांना तो तुमचा मोठेपणा वाटला. मला वाटलं, तुम्हाला पस्तावा होतोय. अविची भरती गेल्याचा. आणि खोटं कशाला सांगू, आक्का, मला त्या वेळी थोडं बरंही वाटलं.

मग तुम्ही गेलात. धुणं वाळत घालताना दोरीला धरून खाली बसलात, मी पळत येईपर्यंत संपलं होतं. तुमच्याच सवयीनं म्हणते, हे तुम्ही बरं नाही केलंत.

दहाव्याला भानुदास अप्पांची बायको आली. शेवंताबाई. सगळ्या बायकांमध्ये बसून ती मोठ्यानं म्हणाली, “गावात एकच खरं बोलनारी बाई हुती. ती म्हनली पोरगं थांबलं हुतं, म्हनून आमी केस लांबवली न्हाई. न्हाईतर माजा भाऊ लई तापला हुता. मीच म्हनले, आक्का बोलली म्हंजे तसंच आसनार.” मी तिचे हात धरले. दाराशी अवि उभा होता. तो बाहेर निघून गेला आणि जेवायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधत शेतात गेले. तुरीच्या कडेला बांधावर बसला होता. मी म्हटलं, “जेव तरी काहीतरी.” तर माझ्याकडं न बघता म्हणाला, “आई, मी थांबलो नव्हतो.”

मला कळायलाच वेळ लागला. कुठं थांबला नव्हता?

“अप्पा पडले. काठी लांब उडाली त्यांची. मोठ्या मायनं डोक्यावरचा भारा टाकला आन् पळत आली. अवि, थांब म्हणून ओरडत होती. मी ऐकलं, आई. मला नीट ऐकू आलं. मी गाडी पळवली.”

तो सांगत गेला. तो थेट मामाकडं गेला होता. तुम्ही त्याला धाडलंच नव्हतं; तो तिथं आहे एवढं मामाला फोन करून काढून घेतलं होतंत. सकाळी पहिल्या एसटीनं तुम्ही तिथं गेलात. रक्त लागलेली तीच साडी अंगावर होती. त्याला गोठ्याच्या मागं नेलंत. त्याला वाटलं, आता मारतील. तुम्ही हात उचलला नाहीत. म्हणालात, “मी समद्यास्नी सांगनार हाय की तू थांबला हुतास. आता तसं वाग.”

“मी म्हटलं, अप्पांनी बघितलं असंल तर? तर म्हणाली, त्याचं मी बघितलंय. आन् म्हणाली, कवातरी जाऊन अप्पाच्या पुढं उभा ऱ्हा. मी सांगते म्हनून न्हाई, तुला वाटंल तवा.” अवि बोटांनी मातीचं ढेकूळ फोडत होता. “दर दिवाळीला माझ्याकडं नुसती बघायची. एकदाही विचारलं न्हाई. विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

“आणि भरती?” मी विचारलं. एवढी वर्षं त्याच एका गोष्टीवर मी तुमच्यावर रुसले होते.

“पळायला लागलो की तिची हाक ऐकू यायची. पळताच आलं न्हाई मला.”

आता सांगा, आक्का, मी काय समजू? तुमचं खरं माझ्या पोराला नडलं म्हणून मी चूल मोडली, आणि तुम्ही तर त्याच वाक्यात त्याच्यासाठी खोटं बोलून बसला होता. जे कधीच सोडणार नाही असं बीडला सगळ्यांसमोर सांगितलं होतंत, ते तुम्ही आमच्या ओसरीवर सोडलंत, आणि मला दिसलंसुद्धा नाही. अनोळखी गाडी म्हणायला तुमची जीभ वळली नाही. तो थांबला म्हणायला कशी वळली? एक खोटं चालतं आणि दुसरं चालत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मला राग येतो. मग तुमचा रक्ताळलेला काठ डोळ्यांसमोर येतो आणि राग कुठं ठेवावा ते कळत नाही. तुमचे पाय धरावेसे वाटतात. त्यानंतर लगेच वाटतं, एवढं सगळं एकटीनं कशाला वागवलंत? मी काय परकी होते?

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “झालं ते झालं. गेलेल्या मानसाचं नाव कशाला घालवायचं? अख्खं गाव तिला मानतंय.” तेही खरंच होतं. अवि अप्पांकडं जाऊन बोलला तर तो सुटेल, पण तुमच्या पदरात गावानं जे टाकलंय ते जाईल. शेवंताबाई काय म्हणेल? ज्या बाईच्या शब्दावर तिनं सख्ख्या भावाला आवरलं, तो शब्द खोटा होता. तुमचं नाव राखायचं की तुम्ही अविला जे सांगितलंत ते राखायचं? तुम्ही जन्मभर जे पाळलंत ते पाळायचं, की एकदा मोडलंत ते? मी चार दिवस पोरांना पोषण आहार वाढत होते आणि मनात हेच. एका पोराला दोनदा वाढलं, एकाला वाढायचंच राहिलं.

शेवटी मी काहीच ठरवलं नाही. अविनंच ठरवलं. रजा संपायला आली तेव्हा चप्पल घालून अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, “मी जाऊन येतो.” मी म्हटलं, “थांब, मीपण येते.” का गेले ते विचारू नका. त्याला आधार द्यायला, का त्यानं बोलायच्या आत त्याला अडवायला, ते मला वाटेतही माहीत नव्हतं.

अप्पा छपरात बाजेवर बसले होते. बाजूला काठी. शेवंताबाई सुपात बाजरी पाखडत होती. तिनं आम्हाला बघून हसून बसायला घातलं. अवि बसला नाही. चप्पल काढून अप्पांसमोर उभा राहिला. मग म्हणाला, “अप्पा, मी त्या दिवशी थांबलो न्हवतो.”

सूप थांबलं.

अप्पांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. “मला ठावं हाय,” म्हणाले. “माजी कंबर मोडली हुती बाबा, डोळं न्हाई.”

“मग तुमी बोलला का न्हाई?”

“तुज्या मोठ्या मायनं मला इचारलं हुतं.” अप्पा माझ्याकडं वळले. “तिच्या मांडीवर डोस्कं हुतं माजं. रडत हुती. म्हनली, अप्पा, पोरगं पळालं. मी ते थांबलं म्हनून सांगू का? तुमी न्हाई म्हनला तर न्हाई सांगनार. जे झालं तेच सांगीन.”

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी म्हनलो, सांग.”

“पण का, अप्पा?”

अप्पांनी काठी जवळ ओढली. “आता ते मलाबी नीट सांगता येत न्हाई, पोरी. दुखत हुतं लई. पर ज्याला लागलंय त्याला कोन इचारतंय? तिनं इचारलं. म्हनली, येईल ते एक दिवस तुमच्याकडं, त्याचं त्येच येईल.” मग अविला म्हणाले, “लई उशीर केलास रं. ती असताना यायचं हुतं.”

अवि खाली बसला. त्यानं अप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला, लहानपणी तुमच्यापाशी रडायचा तसा. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं, सगळं नीट झालं. मी शेवंताबाईकडं बघितलं.

तिचा चेहरा पार उतरला होता. ती अप्पांना म्हणाली, “तुमाला ठावं हुतं. तिला ठावं हुतं. आन् मी भावाशी भांडले. वर्सभर तो माज्या दारात आला न्हाई. मी गावभर सांगत फिरले, आक्का बोलली म्हंजे खरं.” तिनं सूप तिथंच ठेवलं आणि आत गेली. आम्ही निघताना मी दाराशी उभं राहून हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

वाटेत अविनं विचारलं, “आई, मोठी माय खोटं बोलली का गं?” ज्याचं हाड मोडलं त्याच्याशी तुम्ही खोटं बोलला नाहीत. जमादाराशी बोललात, माझ्याशी बोललात, शेवंताबाईशी बोललात. मी काय सांगणार त्याला? मी म्हटलं, “मला माहीत नाही.” तो माझ्याकडं बघून थोडासा हसला, आक्का. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं.

अवि कामावर परत गेला. जायच्या आधी दोनदा अप्पांकडं जाऊन आला. आता रविवारी फोन करतो तेव्हा आधी त्यांची चौकशी करतो. शेवंताबाईनं त्याला चहा दिला, पण बोलली नाही. गावात तिनं कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही. निदान माझ्या कानावर आलेलं नाही. ह्यांना त्याचं हायसं वाटतं. मला वाटतं की नाही, तेही कळत नाही.

काल तुमचा महिना घातला. मी शेवंताबाईला निरोप दिला होता, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. पंगती उठल्यावर आली. एकटीच. मी तिला वाढलं, ती जेवली. हात धुऊन ती तुमच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. फोटोला घालायला मी तिच्यापुढं हार केला. तिनं तो घेतला नाही. पदर कमरेला खोचलेला, भांडायला उभी राहिल्यासारखी ती तुमच्याकडं बघत होती.

“मलाबी इचारायचं हुतं, बाई,” ती म्हणाली. “मीबी हो म्हनले असते.”

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आक्का, मलाही विचारायचं होतं. पण मी हो म्हणाले असते का, ते मला आजही सांगता येत नाही.